'बीडचा बिहार', 'पंधराशेत विकल्या गेल्या' : आपल्याच बाजूच्या लोकांनी असं लिहिलं तर तुम्ही काय करता?

गोदाकाठ

मी विरोधी पक्षांच्या बाजूची आहे. कुठल्या पक्षाची सभासद नाही, पण 2024 च्या दोन्ही निवडणुकांत पुण्यात आघाडीच्या उमेदवारांसाठी पत्रकं वाटली, मतदारयाद्या तपासल्या, समाजमाध्यमांवर लिहिलं. तेव्हा जमलेल्या मंडळींचा व्हॉट्सॲप गट अजून चालू आहे. वकील, प्राध्यापक, आयटीतली पोरं, काही निवृत्त बँकवाले. संविधान, जात, बाईचं माणूस म्हणून जगणं यावर पोटतिडकीने बोलणारी माणसं आहेत ही. त्यांच्याकडून मी पुष्कळ शिकले आहे.

गेल्या आठवड्यात गटात एक फोटो आला. ई-सेवा केंद्राबाहेर बायकांची रांग. बहुतेकींच्या डोक्यावर पदर, हातात आधारच्या झेरॉक्सा घातलेली प्लास्टिकची पिशवी. खाली लिहिलेलं : 'पंधराशे रुपयांत लोकशाही विकणाऱ्या लाडक्या.' त्यावर हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस. एकाने विचारलं, कुठला फोटो? लगेच उत्तर आलं, 'बीड असणार, दुसरं कुठलं? बिहारच झालाय त्याचा.' पुन्हा हशा.

मी माजलगाव तालुक्यातली. माझी मावशी अशाच रांगेत उभी होती. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी तिच्या आधारबरोबर नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार क्रमांक मागत होते, त्यांच्या मोबाईलवरचा ओटीपी मागत होते. मावशी विधवा, वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली. केंद्रावरचा पोरगा तरी काय करणार? म्हणाला, मावशी, सध्या पर्याय दिसत नाही, पुढच्या आठवड्यात या. त्या दिवसाची कापूस वेचणीची मजुरी गेली ती गेलीच. योजनेचे पैसे तिने घेतले आहेत आणि मत आपल्याच उमेदवाराला दिलं आहे. हे ती पारावर उघड सांगते.

आपल्या जाहीरनाम्यात महालक्ष्मी योजनेचे महिना 3000 रुपये होते, हे गटातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ती पत्रकं आम्हीच वाटली. मग त्यांचे 1500 घेणारी बाई विकली गेली आणि आपले 3000 घेणारी सक्षम झाली असती, हा हिशेब कुठला?

समोरच्या बाजूने एखाद्या जातीबद्दल किंवा धर्माबद्दल असं लिहिलं असतं तर आपण तुटून पडलो असतो. गरिबीबद्दल आणि जिल्ह्याबद्दल लिहिलं की ते विनोदात जमा होतं. मला हे सहन होत नाही. तुमच्या गटांत असं घडतं का? घडलं तर काय करता? बोलता, गप्प बसता, की गट सोडता?

दुपारचाचहा

इतक्या हसणाऱ्यांत एकालाही खटकलं नाही? वाचतेय. रात्री सविस्तर लिहिते.

सरळरेषा

ताई, तुमचा राग समजतो, पण पूर्ण पटत नाही. मतदाराला टीकेतून सूट का द्यायची? जूनमध्ये आघाडीला 48 पैकी 30 खासदार देणाऱ्या राज्याने नोव्हेंबरमध्ये महायुतीला 230 च्या वर आमदार दिले. मधल्या काळात खात्यात पैसे पडण्याखेरीज असं काय मोठं घडलं? ऑगस्टमध्ये रक्षाबंधनाच्या तोंडावर दोन हप्ते एकदम जमा झाले, तिथून हवा फिरली. हे बोलायचंच नाही का?

आणि बीड. मस्साजोगच्या सरपंचांना 9 डिसेंबर 2024 ला ज्या क्रूरपणे मारलं, त्यामागे जी खंडणी निघाली, परळीच्या वीज केंद्राच्या राखेच्या धंद्यातली जी दादागिरी बाहेर आली, त्याला काय म्हणायचं? भाषा कडक असेल, पण परिस्थितीच कडक आहे. सगळं गोड बोलून सांगायचं ठरवलं तर राजकारण होणार नाही.

आकडेवाला

सरळरेषा, तुम्ही जून काढलाच आहे तर जूनचे आकडे नीट पाहू.

लोकसभेला मराठवाड्यातल्या 8 पैकी 7 जागा आघाडीला गेल्या, त्यात बीडही होतं. विदर्भातल्या 10 पैकी 7. आणि पुणे शहर, ठाणे, कल्याण? तिन्ही महायुतीकडे. तेव्हा लाडकी बहीण नावाची योजना जन्मालाही आली नव्हती.

म्हणजे सोयाबीनवाल्या, कापूसवाल्या जिल्ह्यांनी आपल्याला तारलं आणि पदवीधर जास्त असलेल्या या शहरी जागांवर आपण पडलो. त्या निकालानंतर पुण्याचा किंवा ठाण्याचा मतदार विकला गेला असं आपल्यापैकी कुणी लिहिलेलं मला आठवत नाही. त्याने विचार करून मत दिलं, आपण कमी पडलो, असंच सगळे म्हणाले. नोव्हेंबरमध्ये तोच न्याय खुरपायला जाणाऱ्या बाईला लावला नाही. टीकेला माझी हरकत नाही. एकाला मत असतं आणि दुसरीला फक्त किंमत असते, या समजुतीला हरकत आहे.

शेवटचंबाकडं

आकडेवाला, यात एक भर. 1 फेब्रुवारी 2025 ला केंद्राने 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागणार नाही असं जाहीर केलं. 5 तारखेला दिल्लीत मतदान. आमच्या ऑफिसात पेढे वाटले. आपल्या बाजूचेही आनंदाने आपला किती कर वाचतो त्याचा हिशेब करत होते. पगारदार माणूस विकला गेला असं कुणी म्हटलं नाही, आणि म्हणूही नये. पण त्याच माणसांनी लाडकी बहीणला 'फुकटचे पैसे' म्हणावं?

पेडगावचा पाहुणा

आमच्या गटात तर ज्याने 'फुकट्या' म्हणून पोस्ट टाकली त्यालाच मी दुसऱ्या दिवशी सोसायटीचा मालमत्ता कर माफ व्हावा म्हणून सह्या गोळा करताना पाहिलं. मीही सही केली, कर मलाही भरायचा आहे.

वऱ्हाडी वांगं

काऊन बाप्पा, बीडवाल्यांनीच सगळा मान घ्यायचा का? आमच्याकडेही पाहा. आपल्याच मित्रपक्षांच्या लोकांकडून विदर्भाबद्दल दोन वाक्यं ठरलेली : 'तिकडचे लोक आळशी' आणि 'पॅकेज दिलं की दारूत जातं.' 45 अंशांच्या उन्हात दुपारी अंग टाकणाऱ्या माणसाला आळशी म्हणणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात अकोल्याला यावं. आंबाडीचं शरबत देतो, खाट देतो, मग आपण तीन वाजता शेतात जाऊ.

आता नीट बोलतो. ही वाक्यं नुसती मनाला लागत नाहीत, त्यांच्याआड हिशेब बुडतो. सिंचनाचा अनुशेष हा काही आमच्या स्वभावातून आलेला नाही. वि. म. दांडेकरांच्या समितीने 1984 मध्ये जिल्हावार मोजून दाखवला होता. त्यानंतर 1994 मध्ये प्रदेशवार निधीचा समतोल पाहणारी वैधानिक विकास मंडळं आली. 30 एप्रिल 2020 ला त्यांची मुदत संपली. तेव्हा सरकार कुणाचं होतं? आपलंच, आघाडीचं. मुदतवाढीसाठी आपल्या किती पुरोगामी मित्रांनी पोस्ट लिहिली? माणूस आळशी आहे असं एकदा ठरवलं की कालव्याचा प्रश्न विचारावा लागत नाही.

अनघा_ठाणे

वऱ्हाडी वांगं, मंडळांचं माझ्या लक्षातच नव्हतं. शोधून वाचते.

ठाणे-कल्याणवरून माझ्याकडे पाहू नका, मी इमानेइतबारे प्रचार केला होता :)

कुडाळकर

आमच्याकडची गोष्ट वेगळी नाय. रत्नागिरी-सिंधुदुर्ग गेल्यावर मुंबईतल्या आपल्याच शिवसैनिकांच्या पानांवर 'कोकणी माणूस मच्छीमटणावर फिरला' असं वाचलं. ते लिहिणाऱ्यांत निम्मे स्वतः गणपतीला गावी येणारे. आणि त्याच कोकणी लोकांच्या तोंडी मुंबईत सातारा-सांगलीच्या माणसासाठी 'घाटी' हा शब्द आहे, तोही मी लहानपणापासून ऐकतोय. गिरणीत दोघं एकाच खात्यात, एकाच संपात. तरी खानावळी वेगळ्या आणि टोमणे चालूच. हे नवीन नाय, समाजमाध्यमांनी फक्त वेग दिलाय.

सरळरेषा

आकडेवाला, जूनचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर उत्तर नाही. पण माझा मूळ प्रश्न तसाच राहतो. शिक्षण आणि माहिती यांचा मतदानाशी काही संबंध आहे की नाही? रोज खोटे व्हिडिओ पाहून मत बनवणाऱ्याला आपण 'अडाणी' म्हणायचं नाही, तर मग प्रबोधन नेमकं कुणाचं करायचं?

बखरीतलापान

हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे आणि त्याला उत्तर देणारा माणूस आपल्या सगळ्यांच्या भिंतीवर आहे.

सायमन आयोगापुढे बाबासाहेबांनी 1928 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने निवेदन दिलं. त्यात प्रौढ मताधिकार मागितला. त्या वेळी मत फार थोड्यांना होतं. मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी होत्या. शिकलेले, सुधारक म्हणवणारे कितीतरी पुढारी म्हणत होते की निरक्षराला मत कसं देणार, त्याला काय कळतं. बाबासाहेबांचं म्हणणं साधारण असं होतं : निरक्षर माणूस म्हणजे बुद्धी नसलेला माणूस ही समजूत चूक आहे. स्वतःचं हित कशात आहे हे त्याला कळतं. शिवाय ज्यांनी त्याला शिकू दिलं नाही त्यांनीच त्याच्या निरक्षरतेचं कारण पुढे करावं हे अन्यायाचं आहे.

आपल्या गटांत 14 एप्रिलला हार घातलेला फोटो येतो आणि विधानसभा निकालाच्या दुसऱ्या दिवशी, 24 नोव्हेंबरला, 'अडाण्यांना मताधिकार देऊन चूक झाली' अशी पोस्ट येते. ही दुसरी पोस्ट मी पाहिलेली आहे, ती टाकणारे गृहस्थ आंबेडकर जयंतीला व्याख्यान देतात. मी त्यांना या निवेदनाची पानं पाठवली. उत्तर आलं नाही.

आणि खोट्या व्हिडिओंचं म्हणाल तर ते सर्वांत जास्त माझ्या सोसायटीच्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या गटात फिरतात.

दुपारचाचहा

बखरीतलापान, प्रतिसाद जपून ठेवला.

मला बोलीवरून होणाऱ्या हेटाळणीबद्दल लिहायचं आहे. मागच्या वर्षी आमची झूमवर बैठक होती, राज्यभरातले कार्यकर्ते. परभणीकडची एक मुलगी तिच्या गावातल्या रेशनच्या घोळाबद्दल बोलत होती. नावं, तारखा, कार्डांचे प्रकार, थम्ब लागत नाही म्हणून परत पाठवलेल्या म्हाताऱ्या, सगळं तिच्याकडे होतं. ती 'पानी' म्हणाली, 'लोनी' म्हणाली. बाजूच्या चॅटमध्ये एका ज्येष्ठांनी दुसऱ्याला लिहिलं, 'आधी ण शिकवा हिला.' खासगीत लिहायचं होतं, चुकून सगळ्यांना गेलं. ती मुलगी मधेच थांबली. स्क्रीनवर तिचा चेहरा दिसत होता. मग 'बाकीचं मी लिहून पाठवते' म्हणाली आणि कॅमेरा बंद केला.

तिने लिहून पाठवलं, उत्तम पाठवलं. पण पुढच्या बैठकींना ती आली नाही. रेशनबद्दल त्या बैठकीत तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

मी_नाशिककर

वाचून वाईट वाटलं. त्या ज्येष्ठांना कुणी काही बोललं का?

दुपारचाचहा

बैठक चालवणाऱ्या ताईंनी तिथल्या तिथे माफी मागायला लावली. त्यांनी 'गंमत होती' म्हणून मागितली. गंमत म्हणून मागितलेली माफी पोहोचत नाही.

पाटणामुक्काम

'बीडचा बिहार'मधल्या बिहारबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी सांगलीचा, बँकेच्या बदलीने पाटण्यात आहे. बीडकरांना त्या वाक्याचा राग येतो तो रास्त आहे, पण बऱ्याचदा तो राग 'आम्हाला बिहार का म्हणता' असा असतो. म्हणजे बिहारला शिवी म्हणून वापरायला हरकत नाही, फक्त आमच्यासाठी नको.

आपण पुरोगामी मंडळी ज्या मंडल आयोगाचं नाव घेतो, ते बी. पी. मंडल मधेपुऱ्याचे, बिहारचे मुख्यमंत्री राहिलेले. पंचायतींत स्त्रियांना 50 टक्के आरक्षण सर्वांत आधी 2006 मध्ये बिहारने दिलं. महाराष्ट्राला 2011 उजाडलं. आणि आपल्या पुण्याचे मधु लिमये लोकसभेत कुठून गेले? 1964 च्या पोटनिवडणुकीत आणि 1967 ला मुंगेरमधून, 1973 च्या पोटनिवडणुकीत आणि 1977 ला बांकामधून. चार वेळा. ना त्यांची तिथे जात, ना बोली, ना नातीगोती. आणीबाणीच्या शेवटी, 1977 ला, जॉर्ज फर्नांडिस तुरुंगात असताना मुझफ्फरपूरने त्यांना निवडून दिलं. एखाद्या बिहारी समाजवाद्याला महाराष्ट्रातल्या कुठल्याही मतदारसंघाने असं चार वेळा पाठवलं असतं का? मला तरी तसं उदाहरण आठवत नाही.

इथे प्रश्न नाहीत असं म्हणत नाही. गुंडगिरी आहे, गावंच्या गावं स्थलांतराने रिकामी होतात. पण नोव्हेंबर 2025 चा निकाल आला तेव्हा आपल्या मराठी पानांवर पुन्हा तेच : 'दहा हजारांत विकले गेले, बिहारीच ते.' तिथली महिला रोजगार योजना निवडणुकीच्या तोंडावर आली, तिच्यावर निवडणूक आयोगाला धारेवर धरा, मी बरोबर आहे. माझ्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या बाईंना धरू नका. त्यांनी त्या पैशांतून शिलाई मशीन घेतलं आहे आणि मत कुणाला दिलं ते मला सांगितलेलं नाही. मी विचारलंही नाही.

अनघा_ठाणे

पाटणामुक्काम, सगळं मान्य. पण मुंबई-ठाण्यात राहणाऱ्यांची एक अडचण समजून घ्या. हिंदी सक्तीचा शासन निर्णय आला तेव्हा आम्ही रस्त्यावर होतो, 29 जून 2025 ला तो मागे घ्यायला लावला. त्या काळात मित्रपक्षांतले दिल्ली-लखनौचे लोक आम्हाला सरसकट 'गुंड', 'संकुचित' म्हणत होते. आपल्या भाषेसाठी बोललं की लगेच भय्याद्वेष्टे ठरतो. हाही प्रादेशिक शिक्काच झाला ना?

पाटणामुक्काम

झालाच. त्याविरुद्ध मी इथल्या मित्रांशी भांडलो आहे. सक्तीचा निर्णय सरकारचा होता, भांडण सरकारशी होतं, तोवर माझा पूर्ण पाठिंबा. भेळवाल्याला कानाखाली मारलेल्या चित्रफिती आपल्याच लोकांनी टाळ्या वाजवत पुढे ढकलल्या तिथे मात्र माझा पाय अडतो. त्या भेळवाल्याने कुठला शासन निर्णय काढला होता?

चौथीसीट

मित्रपक्षांचं निघालंच आहे तर डिसेंबर 2023 आठवा. मध्य प्रदेश, राजस्थान, छत्तीसगड भाजपकडे गेले आणि द्रमुकचे खासदार सेंथिलकुमार लोकसभेत 'गोमूत्र राज्यं' म्हणाले. शब्द कामकाजातून काढले, दुसऱ्या दिवशी त्यांनी खेदही व्यक्त केला. पण आपल्या मराठी पानांवर ते वाक्य अजून फिरतं. त्याच राज्यांत काँग्रेसला मत देणारे कोट्यवधी होते, त्यांच्या तोंडावर हे मारलं गेलं. त्याआधी फेब्रुवारी 2022 मध्ये पंजाबात काँग्रेसचे तेव्हाचे मुख्यमंत्री चन्नी 'यूपी, बिहारच्या भय्यांना' येऊ देऊ नका म्हणाले, शेजारी प्रियंका गांधी उभ्या होत्या. त्याच वेळी त्या उत्तर प्रदेशात पक्षाचा प्रचार करत होत्या! विरोधकांना आणखी काय हवं असतं?

जर्सीतलीजाई

अमेरिकेतही हेच पाहिलं. सप्टेंबर 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांनी ट्रम्प यांच्या निम्म्या समर्थकांना 'बास्केट ऑफ डिप्लोरेबल्स', म्हणजे निंद्य माणसांच्या टोपलीत टाकणारं वाक्य उच्चारलं. दुसऱ्या दिवशी 'निम्मे' म्हणाल्याबद्दल खेद व्यक्त केला. समोरच्यांनी ते वाक्य टीशर्टवर छापून मिरवलं. आमच्या ओळखीचे डेमोक्रॅट मराठी लोक दक्षिणेकडच्या राज्यांच्या उच्चारांची नक्कल करून हसतात. ते स्वतः कामाच्या ठिकाणी स्वतःच्या उच्चारांमुळे काय सोसतात हे मला माहीत आहे.

मी_नाशिककर

अमेरिकेचा वेगळा धागा काढा, तिथे सगळे येऊ. इथे बीडवर राहू या.

स्पष्टवक्ती

बीडवरच बोलते, आणि मला थोडं विरोधात बोलायचं आहे. मी अंबाजोगाईची, आता संभाजीनगरला असते. 2011 च्या जनगणनेत माझ्या जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. 2012 मध्ये परळीचं गर्भपाताचं प्रकरण निघालं. जातीवरून गावं दुभंगलेली मी बघते आहे. बाहेरचे कुणी यावर बोलले की 'जिल्ह्याची बदनामी' म्हणून अंगावर येणारे लोक नेमके कोण असतात? ज्यांची दादागिरी उघडी पडते तेच. तेव्हा अस्मितेच्या नावाखाली पांघरूण घालू नका, एवढंच सांगते.

गोदाकाठ

स्पष्टवक्ती, तुमच्या प्रत्येक शब्दाला माझा होकार आहे. 807 बद्दल मी कॉलेजात पथनाट्य केलं आहे. डॉक्टर कोण, सोनोग्राफी केंद्र कुठलं, परवाना कुणी दिला, कोणत्या पुढाऱ्याने वाचवलं हे विचारा, दररोज विचारा. 'बीड असणार, दुसरं कुठलं' म्हणणाऱ्याला यातलं एकही नाव माहीत नसतं आणि जाणूनही घ्यायचं नसतं. त्या वाक्याने दादाचं काही बिघडत नाही. पुण्यात खोली शोधणाऱ्या पोराचं बिघडतं. माझ्या भावाला एका घरमालकाने 'बीडचे का, मग बघू' म्हणून परत पाठवलं, तेव्हा सरपंचांच्या खुनाला जेमतेम दोन महिने झाले होते. माझा भाऊ त्याच सरपंचांना न्याय मिळावा म्हणून मोर्चात चालून आला होता.

स्पष्टवक्ती

हे मान्य. दादाला सोडून पोराला धरायचं नाही.

उसाचंपाचट

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आईबाप ऊसतोडीला जायचे. मी साखरशाळेत आणि मग आश्रमशाळेत शिकलो, आता शिक्षक आहे. केज तालुका.

बीडचं नाव घेऊन हसणाऱ्यांना कोयता म्हणजे काय ते विचारा. आमच्याकडं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम दोघांना मिळून एक उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो, हिशेब एकाच कोयत्याचा. बाई पहाटे स्वयंपाक करून फडात जाते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढते, पण तिच्या नावावर वेगळा पैसा नाही. एक दिवस काम बुडालं तर खाडा, त्याचा दंड उचलीतून जातो. पाळीत खाडा नको, दुखणं नको म्हणून बायकांनी पिशव्या काढून घेतल्या. 2019 ला नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं आकडा आला : जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली. तो ऊस कुठल्या कारखान्यांवर जातो? पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. कारखान्यांचे चेअरमन दोन्ही आघाड्यांत आहेत.

माझ्या आईनं जन्मभर कोयता धरला आणि तिच्या हातात स्वतःच्या नावाचा पहिला पैसा आला तो या योजनेचा. बँकेत तिच्या नावाचं खातं, तिच्या मोबाईलवर मेसेज. मेसेज वाचता येत नाही, तरी ती मला फोन दाखवते. ती विकली गेली म्हणणाऱ्याला माझ्यासमोर आणा. मी भांडणार नाही, फक्त आईचे तळहात बघा म्हणेन.

अजून एक. क्रांतिसिंह नाना पाटील सांगली भागातले, प्रतिसरकारवाले. 1967 ला लाल बावट्यावर त्यांना लोकसभेत कुणी पाठवलं? बीडनं. 1977 ला मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे, तेही बीडनंच. पुरोगामीपण आम्हाला व्हॉट्सॲपवरून शिकायची गरज नाही.

वऱ्हाडी वांगं

दादा, दंडवत.

बखरीतलापान

नाना पाटील बीडचे खासदार होते हे पुण्यातल्या दहा डाव्यांना विचारा, आठ जण साताराच सांगतील. तिथूनही ते 1957 ला होतेच, पण बीड विसरलं गेलं.

सरळरेषा

उसाचंपाचट, पूर्ण प्रतिसाद दोनदा वाचला. एक विचारतो, वाद म्हणून नाही. पैसे थेट हातात येणं महत्त्वाचं हे दिसतंय. पण खाड्याचा दंड, कोयत्याचा एकत्र हिशेब, यावर आपल्या बाजूच्या कुठल्या पक्षाने ठाम भूमिका घेतली आहे का? जाहीरनाम्यात ते आलं असतं तर 1500 विरुद्ध 3000 ही बोली लागलीच नसती.

उसाचंपाचट

हा खरा प्रश्न. संघटना मागतात : बाईची वेगळी नोंद, वेगळं ओळखपत्र, वेगळी मजुरी. पक्ष भाषणात बोलतात. करार करायला बसतात तेव्हा टेबलाच्या त्या बाजूला कारखानदार असतात, आणि ते आपलेही असतात. आपल्या गटांनी यावर तोंड उघडलं तर आमच्या बाया ऐकतील.

चौथीसीट

ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. काय करता? मी गट सोडून पाहिला. काही उपयोग झाला नाही. माझ्यामागे तिथे आणखी मोकळेपणाने लिहायला लागले असं कळलं. आता सोडत नाही, लगेच तिथेच उत्तर देतो. लांब नाही, एकच प्रश्न : 'हेच वाक्य तुम्ही त्या रांगेतल्या बाईसमोर म्हणाल का?'

आकडेवाला

मी फोन करतो. गटात सगळ्यांसमोर बोललं की माणूस हट्टाला पेटतो. फोनवर निम्मे तरी ऐकून घेतात.

दुपारचाचहा

फोनने लिहिणाऱ्याचं मन वळेल कदाचित, पण ज्याला लागलं त्याला ते कळतच नाही. परभणीच्या मुलीला सगळ्यांसमोर हिणवलं, मग तिची बाजूही सगळ्यांसमोरच घ्यायला हवी. मी तर म्हणेन दोन्ही करा, पण गटातलं उत्तर आधी.

गोदाकाठ

काल रात्री मी गटात लिहिलं. आकडेवाल्यांचे जूनचे आकडे टाकले, मावशीची केवायसीची हकिकत टाकली, आणि फोटो काढून टाका म्हणाले. दोघांनी 'हल्ली विनोदही करायचा नाही का' म्हटलं. एक काकू, ज्या कधी लिहीत नाहीत, त्यांनी लिहिलं की त्यांची मोलकरीण त्या रांगेत होती आणि त्यांनी तिला त्या दिवसाचे पैसे कापले नाहीत. ॲडमिननी फोटो काढला. 'बिहार'वाले गृहस्थ अजून गप्प आहेत.

ॲडमिन विचारत होते, ऊसतोडीबद्दल कुणी गटाशी ऑनलाइन बोलेल का. उसाचंपाचट, तुम्ही याल? येत्या रविवारी सकाळी?

उसाचंपाचट

रविवारी नाही जमणार. गाळप चालू आहे, आमच्या शाळेतली अठरा पोरं आईबापासोबत फडावर गेलीत, त्यांना आणायला मी आणि हेडमास्तर कराडकडं चाललोय. पुढच्या बुधवारी रात्री आठनंतर चालेल. आणि बोलायला मी एकटा नको, तिथल्या टोळीतली एखादी बाई फोनवर घेतो. ती 'पानी'च म्हणेल, आधीच सांगून ठेवा.